खाटेशेजारचा सराव: खानदेशात उपशामक सेवेचे कर्मचारी सिम्युलेशनने कसे तयार करावेत

मुंबईहून जाडजूड फाइल घेऊन कॅन्सरचा रुग्ण जळगावला किंवा भुसावळला गाडीतून उतरतो. फाइलच्या शेवटच्या पानावर 'पॅलिएटिव्ह केअर', म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करणारी उपशामक सेवा, असं लिहिलेलं असतं. घरच्यांनी त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'आता काही करता येत नाही' असा लावलेला असतो. त्यापुढचं सगळं गावात घडतं. आयुष्मान आरोग्य मंदिरातला समुदाय आरोग्य अधिकारी, नर्सताई, आशाताई आणि फार तर जिल्हा रुग्णालयातली एखादी नर्स, एवढीच माणसं हाताशी असतात. यातल्या बहुतेकांचं प्रशिक्षण झालेलं असतं. वेदनेची पायरी-पायरीने औषधं त्यांना पाठ असतात. पण घराच्या दारातच थोरला मुलगा हात धरून हळूच म्हणतो, "आबाले काही सांगू नका, त्यासना धीर खची जाई," तेव्हा काय करायचं हे स्लाइडवर शिकलेलं नसतं.

ते शिकायचं तर तोच प्रसंग उभा करून, त्यात माणसाला उतरवून, मग त्यावर बोलावं लागतं. सिम्युलेशन म्हणजे एवढंच. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये, जवळ खास प्रयोगशाळा नसताना ते कसं करावं, याचा हा मार्गदर्शक.

बाहुली घेण्याआधी थांबा

सिम्युलेशन म्हटलं की पहिला प्रस्ताव महागड्या बाहुलीचा येतो. छाती वरखाली होते, नाडी लागते, मॉनिटरवर आलेख फिरतो. अतिदक्षता विभागासाठी ती उपयोगाची आहे. इथे मात्र माझं मत स्पष्ट आहे: सुरुवातीला एक रुपयाही तिच्यावर घालू नका. बाहुली हृदय बंद पडल्यावर छाती दाबायला शिकवते. आपल्या लोकांना छाती कधी दाबायची नाही, आणि तसं ठरलंय हे घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं, ते शिकायचं आहे. कानात "खरं सांग" असं पुटपुटणं बाहुलीला जमत नाही.

जिवंत माणसाला रुग्णाची भूमिका देऊन शिकवण्याची रीत जुनी आहे. हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञाने १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये ती सुरू केली. आज जगभरच्या वैद्यकीय परीक्षांत असे 'प्रमाणित रुग्ण' असतात. भूमिका करणारा माणूस, एक खाट, चार खुर्च्या आणि सत्र चालवणारा, एवढ्या सामानावर आपलं काम सुरू होतं.

जागा हॉलमध्ये नको. उपकेंद्राची एखादी खोली घ्या आणि तिचं घर करा. बाज टाका, कोपऱ्यात माठ ठेवा, टीव्ही मोठ्याने लावा, दारात शेजारणी उभ्या करा. एकांत मिळत नाही ही इथली खरी अडचण आहे, म्हणून टीव्ही बंद करायला कसं सांगायचं आणि शेजारणीला न दुखवता बाहेर कसं न्यायचं, हाही सरावाचा भाग आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना पंखा बंद करून एक सत्र जरूर घ्या. वीज गेलेल्या घरात दम लागलेला रुग्ण म्हणजे काय, ते मग समजावून सांगावं लागत नाही.

प्रसंग निवडताना

एका प्रसंगाला एकच हेतू असावा, फार तर दोन. 'उपशामक सेवेतला संवाद' हा हेतू होत नाही. 'मुलगा आजार लपवायला सांगतो तेव्हा त्याच्यावर न चिडता त्याची भीती ऐकून घेणं आणि रुग्णाला काय ठाऊक आहे हे विचारण्याची परवानगी मिळवणं' हा होतो.

प्रसंग पुस्तकातून घेऊ नका. गेल्या वर्षभरातले केसपेपर काढा आणि तुमच्याच लोकांना विचारा, कोणत्या घरातून बाहेर पडताना पाय जड झाले. खानदेशात उत्तरं साधारण सारखीच येतात. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा, गालाचा कॅन्सर, त्याची उघडी जखम आणि तिचा वास. मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाची भीती. "सलाईन लावा, नाहीतर दवाखान्यात न्या" असा भाऊबंदांचा दबाव. रात्री दोनला आलेला फोन. आणि गोवऱ्या-लाकडं कधी सांगायची हे डोळ्यांनीच विचारणारा घरातला कर्ता.

रुग्ण कोण होणार

निवृत्त नर्सताई, शिक्षक, महाविद्यालयातली नाटकातली मुलं, तमाशा किंवा वहीगायनातले कलावंत, कुणीही चालतं. कलावंताकडे भाषेचा आणि देहबोलीचा साठा मोठा असतो. अडचण एकच: त्याला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायची सवय असते. त्याला आधी न रडायला शिकवावं लागतं. खरा रुग्ण बहुतेक वेळा भिंतीकडे बघतो, प्रश्नाला उशिरा उत्तर देतो, आणि दुखतंय का म्हटलं तर "चालायचंच" म्हणतो.

ज्यांच्या घरात गेल्या वर्षा-दोन वर्षांत असं मरण झालं आहे, त्यांना या भूमिकेत घेऊ नका. त्यांनी स्वतः हौसेने विचारलं तरी नको. खऱ्या रुग्णाला तर मुळीच वापरू नका. भूमिका करणाऱ्याला मानधन द्या, निदान प्रवासखर्च आणि जेवण. फुकट केलेलं काम दुसऱ्या वेळी मिळत नाही.

त्याची दोन वेळा तालीम घ्या. दुसऱ्या तालमीत मुद्दाम चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही रीतींनी त्याच्याशी बोलून बघा. शिकणारा नीट बोलला तर त्याने थोडं उलगडायचं आणि घाई केली तर मिटायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं पाहिजे. नाहीतर प्रसंग ठरलेल्या नाटकासारखा चालतो आणि शिकणाऱ्याच्या बोलण्याचा काही परिणामच दिसत नाही.

भाषा बोलीच ठेवा. "वेदना होतात" असं इथे कुणी म्हणत नाही. "ठणकस", "आग व्हस", "मुंग्या येतस" म्हणतात. यातल्या प्रत्येकाचा वैद्यकीय अर्थ वेगळा निघतो: आग आणि मुंग्या म्हणजे नसेची वेदना असू शकते, तिला वेगळी औषधं लागतात. रावेर-यावलकडे लेवा गणबोली, शहाद्याच्या पुढे भिली-पावरी, हे भान ठेवून भूमिका वाटा.

एक नमुना प्रसंगपत्रिका

सत्र चालवणाऱ्याकडे पूर्ण पत्रिका असते. शिकणाऱ्याला फक्त पहिला परिच्छेद द्यायचा.

*शिकणाऱ्यासाठी:* आबा, वय ६२, कोरडवाहू शेतकरी. गालाचा कॅन्सर. मुंबईला शस्त्रक्रिया आणि शेक (रेडिएशन) झाले, आजार परतला, पुढे उपचार नाही असं सांगून घरी पाठवलं. तुमची ही पहिली गृहभेट. वेळ दहा मिनिटं.

*थोरल्या मुलासाठी (घरात त्याला जिभाऊ म्हणतात):* तू शेत गहाण ठेवलं आहेस. पैसे संपले म्हणून बापाला परत पाठवलं, असं तुला मनातून वाटतं, पण हे कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. दारातच अडवायचं: आबाला आजाराचं नाव सांगायचं नाही. समोरच्याने नियम सुनावले, रुग्णाच्या हक्काचं बोलला, तर आवाज चढवायचा. "तुम्हाला कशाची भीती वाटते?" असं काही विचारलं तर गप्प व्हायचं आणि मग शेताचं सांगायचं.

*आबांसाठी:* तुम्हाला सगळं कळलेलं आहे. वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरचा माणूस हीच जखम घेऊन गेला. मुलाला त्रास नको म्हणून तुम्ही विचारत नाही. वेदना दहापैकी आठ, पण आधी "थोडं थोडं" म्हणायचं. मुलगा पाणी आणायला गेला आणि समोरचा बसून राहिला, तरच विचारायचं: "आते मन्हं काय व्हई, खरं सांग." समोरचा उभा राहूनच बोलत असेल तर हा प्रश्न विचारायचा नाही.

*सत्र चालवणाऱ्यासाठी:* चौथ्या मिनिटाला सून आत येऊन "सलाईन लावणार ना?" म्हणेल. सातव्या मिनिटाला मुलगा पाणी आणायला बाहेर जाईल. पाहायच्या गोष्टी चार: तो बसला का, वेदना आकड्यात विचारली का, मुलाची भीती बाहेर आली का, आबांच्या प्रश्नानंतर किमान काही क्षण गप्प राहिला का.

वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची 'स्पाइक्स' पद्धत बेली, बकमन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडली. बसायची जागा नीट करा, त्याला काय ठाऊक आहे ते विचारा, किती जाणून घ्यायचंय ते विचारा, मग सांगा, भावनेला जागा द्या, पुढचा बेत ठरवा. पद्धत चांगली आहे. फक्त ती एका रुग्णासमोर बसून विकसित झाली, आणि आपल्याकडे खाटेभोवती सात माणसं असतात. म्हणून दुसरी आणि तिसरी पायरी इथे आधी मुलासोबत, मग आबांसोबत, अशी दोनदा करावी लागते. हे सरावात घातलं नाही तर लोक पद्धत पाठ करतात आणि दारातच अडकतात.

सुरू होण्याआधी

दहा मिनिटं बोला. ही परीक्षा नाही, गुण नाहीत, वरिष्ठांना अहवाल जाणार नाही. मोबाइल बाहेर. चित्रीकरण करायचंच असेल तर सर्वांच्या संमतीने, आणि चर्चा संपली की तिथेच पुसायचं. एकही क्लिप व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली तर पुढच्या सत्राला कुणी मोकळं बोलणार नाही. 'थांबा' हा शब्द कुणीही, कधीही म्हणू शकतो, आणि म्हटलं की प्रसंग लगेच थांबतो, कारण विचारायचं नाही. एखाद्याचा बाप नुकताच गेला असेल तर त्याला कारण न सांगता बाहेर बसायची मुभा द्या.

डॉक्टर आणि आशाताई एकाच सत्रात असतील तर आणखी एक काळजी घ्या. डॉक्टरांना आधी भूमिका द्या. साहेबांना अडखळताना पाहिलं की बाकीच्यांची जीभ सुटते. साहेब तयार नसतील तर गट वेगळे करा, आग्रह धरू नका.

प्रसंग चालू असताना

आठ ते बारा मिनिटं पुरेत. बघणाऱ्यांना कामं वाटून द्या: एकाने फक्त हात आणि नजर बघायची, एकाने शांततेचे क्षण टिपायचे, एकाने रुग्णाने अर्धवट सोडलेली वाक्यं लिहायची. काम नसलेला प्रेक्षक पाचव्या मिनिटाला हसतो.

शिकणारा पूर्ण अडकला तर प्रसंग थांबवून विचारा, "आता काय काय करता येईल?" दोन-तीन जणांनी सुचवलं की तिथूनच पुढे चालू. मागे जाऊन तोच मिनिट पुन्हा खेळता येणं, हा खऱ्या घरात कधी न मिळणारा फायदा आहे.

खरं शिक्षण चर्चेत होतं

वेळ कमी पडली की लोक चर्चा कापतात आणि आणखी एक प्रसंग घेतात. माझ्या मते हेच सिम्युलेशन वाया जाण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. दहा मिनिटांच्या प्रसंगाला वीस-पंचवीस मिनिटांची चर्चा हवी. गोल बसा, चहा येऊ द्या.

पहिली दोन-तीन मिनिटं फक्त मन हलकं करायला: "कसं वाटलं?" हा प्रश्न आधी शिकणाऱ्याला, मग भूमिका करणाऱ्याला. या टप्प्यात कुणीही सुधारणा सुचवायची नाही. त्यानंतर काय घडलं ते थोडक्यात मांडा, सगळ्यांनी तोच प्रसंग पाहिला आहे ना याची खात्री करायला. मग मुख्य भाग.

मुख्य भागात सत्र चालवणाऱ्याची भाषा निर्णायक ठरते. "तुम्ही उभं का राहिलात?" म्हटलं की माणूस बचावाला लागतो. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा, त्याबद्दल तुम्हाला काय वाटलं ते सांगा, आणि मग मनापासून विचारा: "सून सलाईनचं बोलली तेव्हा तुम्ही लगेच बॅग उघडलीत. मला वाटलं, तिला उत्तर देणं तुम्हाला अवघड गेलं असावं. तुमच्या मनात काय चाललं होतं?" उत्तर बहुधा अनपेक्षित येतं. नर्सताई सांगते, "सलाईन नाही लावलं तर हे लोक मला परत बोलावणार नाहीत." ही माहितीची कमतरता नाही. शेवटच्या दिवसांत सलाईनने सूज आणि घशातली घरघर वाढू शकते, हे तिला ठाऊक आहे. तिला दिसतेय ती गावातली तिची पत. मग चर्चा योग्य जागी येते: काहीतरी करताना दिसणं घरच्यांना लागतं, तर सुनेच्या हाती काय देता येईल? ओल्या कापसाने ओठ-तोंड पुसणं, कूस बदलणं, पायांना तेल लावणं. सलाईनला नाही म्हणताना हातात दुसरं काम देता आलं पाहिजे.

भूमिका करणाऱ्याला त्याच्या खुर्चीतूनच बोलू द्या: "तुम्ही हातावर हात ठेवलात तेव्हा मला विचारावंसं वाटलं." आबांच्या तोंडून आलेलं हे एक वाक्य प्रशिक्षकाच्या अर्ध्या तासाला भारी पडतं. त्यानंतर त्यांना भूमिकेतून बाहेर काढा. फेटा-उपरणं उतरवायला लावा, त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारा, आज घरी जेवायला काय आहे ते विचारा. हे बालिश वाटतं म्हणून टाळू नका. दिवसभरात तीनदा मरणाच्या दारात बसलेला माणूस तसाच एसटीत बसला तर रात्री झोपत नाही.

शेवटी प्रत्येकाने पुढच्या गृहभेटीत करायची एक गोष्ट सांगायची. एकच.

हातांचा सराव

मॉर्फिनचा सराव कागद-पेन्सिल आणि खऱ्या गोळीच्या आकाराच्या साध्या गोळ्या घेऊन करा. अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, पण मनातली भीती कायद्याने जात नाही. हिशेब असा द्या: रुग्णाला दर ४ तासांनी ५ मिलिग्रॅम चालू आहे, म्हणजे दिवसाला ३०. मधे दुखलं म्हणून काल ३ जादा मात्रा घेतल्या, प्रत्येकी ५. एकूण ४५. दिवसाच्या सहा मात्रांनी भागले की नवी मात्रा ७.५. आता गोळी १० मिलिग्रॅमची, म्हणजे पाऊण गोळी. सासूबाईंना नीट दिसत नाही, मुलगा रात्रपाळीला जातो. पाऊण गोळी कोण, कशाने, कधी मोडणार? डॉक्टरांनी लिहून दिलं की काम संपत नाही, हे या प्रश्नावर उमजतं. मात्रा बदलायचा निर्णय डॉक्टरचा, पण फोनवर हा हिशेब नीट सांगता येणं नर्सचं आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं काम. आणि मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याची गोळी पहिल्या दिवसापासून.

"याची सवय लागेल ना?" हा प्रश्न प्रत्येकाने तोंडाने उत्तर देऊन सोडवावा. ज्याला दोन वाक्यांत, इंग्रजी शब्दाशिवाय उत्तर देता येत नाही, त्याने पुन्हा करायचं.

जखमेसाठी स्पंज, खाण्याचा लाल रंग, साखरेचा पाक आणि कापूस पुरतो. वास मात्र आणा. सुके बोंबील भिजवलेलं पाणी आतल्या कापसात मुरवा. नाक न मुरडता, चेहरा न बदलता पट्टी सोडणं हे शिकण्याचं कौशल्य आहे, कारण रुग्ण आपल्या चेहऱ्याकडेच बघत असतो. पट्टी आधी भिजवून सुटू द्यायची. अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक चमचा मीठ घालून, उकळून, गार करून त्याने धुवायचं. वासासाठी मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून जखमेवर पसरायची. सगळं घरच्या एका माणसाला शिकवत शिकवत करायचं.

मानेजवळच्या जखमेतून एकदम मोठा रक्तस्राव होऊ शकतो. याचा सराव अनुभवी गटासोबतच घ्या. गडद रंगाची जाड टॉवेलं आणि चादर खाटेखाली आधीच ठेवलेली आहे का, डॉक्टरांनी झोपेचं औषध लिहून ठेवलंय का, आणि घरातल्या एका माणसाला ही शक्यता कोणत्या शब्दांत सांगितली आहे, एवढंच तपासा. रक्त दाखवायची गरज नाही.

दम लागलेल्या रुग्णाचा सराव छोटा आणि समाधान देणारा असतो: उठवून बसवा, पुढे उशीवर टेकवा, खिडकी मोकळी, चेहऱ्यावर वारा. नवशिक्यांना पहिला प्रसंग हाच द्या.

अक्राणी-अक्कलकुवा: दुभाष्यासोबत बोलणं

नंदुरबारच्या डोंगराळ भागात आशाताईच दुभाषी असते. शिकणाऱ्याने चार वाक्यं बोलावीत, तिने एकात उरकावीत, आणि ते एक वाक्य "घाबरू नको" असावं, हे नेहमीचं. तिला खरं सांगायचं धैर्य होत नाही, कारण उद्या त्याच पाड्यावर तिला राहायचं आहे. हा प्रसंग तिघांचा ठेवा. शिकणाऱ्याने आधी बाहेर तिच्याशी ठरवायचं: आज काय विचारणार, कोणता प्रश्न तिला अवघड जाईल. आत एका वेळी एकच छोटं वाक्य, आणि नजर रुग्णाकडे, तिच्याकडे नाही. भगताचा अंगारा खाटेला बांधलेला असेल तर तो न काढता काम करायचं. मग अदलाबदल करा. आशाताईला नर्सच्या जागी बसवा आणि नर्सला न येणाऱ्या भाषेत ऐकायला लावा.

शेवटचे तास

सरावात मरण दाखवायचं असेल तर शिकणाऱ्यांना आधी सांगा. धक्का देऊन कुणी शिकत नाही. घसा घरघरतोय, हातपाय गार पडलेत, श्वासात खंड पडतोय, घरातली म्हातारी म्हणते, "खाली घ्या." काही नर्सताई इथे विरोध करतात, काही बाजूला सरतात. सराव तिसऱ्या वाटेचा: वेदनेची मात्रा दिली आहे का पाहणं, चार जणांनी चादरीसकट सावकाश उतरवणं, कुशीवर ठेवणं. तुळशीपत्रासोबत पेलाभर पाणी तोंडात ओतण्याऐवजी ओठ ओले करायला दाखवणं. घरघर ऐकून नातवंडं घाबरली असतील तर त्यांना सांगणं, की आजोबांना त्याचा त्रास जाणवत नसावा.

रुग्णवाहिकेचा चालकही या सत्रात हवा. "घेऊन चला" म्हणणाऱ्या पाहुण्यांना पहिल्यांदा तोच भेटतो. रुग्णाला घरीच ठेवायचं हा आधी ठरलेला निर्णय केसपेपरवर ठळक लिहिलेला असेल आणि चालकाला तो ठाऊक असेल, तर वाटेतच धुळ्याच्या फाट्यावर मरण येण्याची वेळ टळते.

उपयोग झाला का

सत्रानंतर 'आत्मविश्वास वाढला का' असा फॉर्म सगळे भरून घेतात. सगळे 'हो' लिहितात. तो फाडला तरी चालेल. त्यापेक्षा तीन महिन्यांनी केसपेपर तपासा: वेदना आकड्यात लिहिली आहे का, रुग्णाला आजाराबद्दल काय ठाऊक आहे याची नोंद आहे का, रात्रीच्या फोनसाठी घरच्यांकडे कुणाचा नंबर आहे. मोठं शिबिर वर्षातून एकदा घेण्यापेक्षा महिन्याच्या बैठकीत एक प्रसंग, पाऊण तास, हे जास्त टिकतं. फक्त आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कापूसवेचणीचे दिवस सोडा, भूमिका करणारे मिळत नाहीत. पुढचा प्रसंग केसपेपरवरूनच निवडा. मॉर्फिन लिहिलेल्या कागदांवर पोट साफ होण्याची गोळी राहून गेलेली दिसली, तर पुढच्या महिन्याच्या प्रसंगात आबांना सहा दिवस शौचाला झालेली नाही आणि त्यांनी मॉर्फिन स्वतःच बंद केलं आहे.